थ्री नॉट थ्रीची कड

खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या जुन्या थ्री नॉट थ्रीच्या (.303 इंची रायफलच्या काडतुसाच्या) पुंगळीचं, म्हणजे दारू भरायच्या पितळी नळकांड्याचं, बूड पाहिलं, तर मधोमध ठोका बसताच दारू पेटवणारी टोपी दिसते, तिच्याभोवती 'के एफ' ही अक्षरं (खडकीला इंग्रज किर्की म्हणत, त्यातला के) आणि अगदी बाहेर पितळेची जराशी पुढे आलेली कड. नख अडकेल इतकीच. या काडतुसाच्या सगळ्या भानगडी त्या कडेपाशी येऊन थांबतात.

1888 मध्ये ब्रिटिशांनी हे काडतूस घेतलं तेव्हा आत काळी दारू होती. काही वर्षांतच तिच्या जागी कॉर्डाइट आलं, म्हणजे शेवयांसारख्या काड्यांची दारू, धूर नावालाच. कड तशीच राहिली. एकेक काडतूस हाताने भरायच्या काळात ती सोयीची होती: काडतूस किती आत जायचं ते ती ठरवी आणि रिकामी पुंगळी ओढायलाही तिचाच आधार. मॅगझिन, म्हणजे एकावर एक काडतुसं भरायची पेटी, आल्यावर मात्र ती नडू लागली. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की काडतूस आत ढकलणारा बोल्ट अडलाच. ब्रेनगन या हलक्या मशीनगनचं मॅगझिन वाकडं आहे तेही याच कडेपायी, दिसायला झोकदार म्हणून नव्हे.

गोळी मात्र बदलत गेली. कलकत्त्याजवळच्या डमडममध्ये टोक उघडं ठेवलेली गोळी निघाली आणि 1899 मध्ये नेदरलँड्समधल्या हेगला देशोदेशींच्या परिषदेत अशा पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला. 1910 ची मार्क 7 टोकदार, वजन 11.3 ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे 744 मीटर. तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम, त्यामुळे वजन मागे. लागल्यावर ती पसरत नाही, कोलांटी खाते. जखम व्हायची ती होतेच. हेगचं अक्षर पाळलं गेलं, एवढंच म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धात याच पुंगळीत नाना तऱ्हा भरल्या गेल्या. ओळख टोपीभोवतीच्या रंगाच्या कड्यावरून: साधी जांभळी, वाट उजळत जाणारी ट्रेसर लाल, चिलखत भेदणारी हिरवी, आग लावणारी निळी.

काडतूस बदलायचा विचार झाला नव्हता असं नाही. 1913 मध्ये बिनकडेच्या .276 इंची काडतुसाची रायफल चाचणीपर्यंत पोचली होती. 1914 च्या युद्धाने ते बारगळलं. चालू कारखाने आणि भरलेली कोठारं ऐन लढाईत कोण बदलणार? दरम्यान जर्मनांनी 7.92 मिमीचं काडतूस आखूड केलं, रशियनांनी 1943 मध्ये 7.62 बाय 39 मिमीचं आखूड काडतूस आणलं. हिशेब सरळ होता: पायदळाची चकमक बहुधा तीन-चारशे मीटरांच्या आतच होते, मग मैलभर जाणारी गोळी आणि तिचा खांद्याला बसणारा धक्का कशाला?

1947-48 मध्ये काश्मिरात भारत आणि पाकिस्तान, दोन्ही सैन्यं थ्री नॉट थ्रीच झाडत होती. फरक उघडा पडला तो 1962 मध्ये. चिनी सैनिकांकडे त्याच रशियन आखूड काडतुसाच्या, चाप ओढताच पुढची गोळी आपोआप चढणाऱ्या रायफली होत्या. आपल्या बहुतेक जवानांना दर गोळीला बोल्ट मागेपुढे करावा लागे. त्यानंतर इशापूरला बनलेली 7.62 मिमीची एसएलआर, म्हणजे आपोआप भरणारी रायफल, सैन्यात आली. तिच्या काडतुसाला बाहेर आलेली कड नाही, बुडाजवळ नुसती खाच आहे.

थ्री नॉट थ्री रायफल मग पोलिसांकडे गेली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर एके-47 समोर काही पोलिसांच्या हातात तीच होती.