डीओ प्रोब बाद करण्याआधी

कोकणातल्या कोळंबी तलावांवर जिवावरची वेळ असते ती पहाटेची. रात्रभर शेवाळ, कोळंबी आणि तळाचा गाळ सगळेच ऑक्सिजन वापरत असतात, पण तो तयार करणारा सूर्यप्रकाश नसतो. उजाडण्याआधी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, सर्वांत खाली जातो. त्या वेळी मीटरने लिटरला ५ मिलिग्रॅम दाखवले आणि प्रत्यक्षात ३च असले, तर पाण्यात हवा मिसळणारा एरेटर वेळेवर लागत नाही. उलट झालं तर नुसतं वीजबिल वाढतं.

मीटरचा पाण्यात बुडवायचा भाग म्हणजे प्रोब. पडद्याचा प्रोब ऑक्सिजन मोजतो तो खाऊन. ही रचना अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांची. १९५०च्या दशकात त्यांना रक्तातला ऑक्सिजन मोजायचा होता, पण उघड्या प्लॅटिनमवर रक्तातली प्रथिनं चिकटून बसत. त्यांनी प्लॅटिनमचा कॅथोड आणि चांदीचा ॲनोड ही दोन्ही विद्युत टोकं पातळ प्लास्टिकच्या पडद्याआड ठेवली आणि आत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण भरलं. पडद्यातून झिरपलेला ऑक्सिजन कॅथोडवर संपतो आणि तेवढाच विद्युतप्रवाह वाहतो. आजच्या अनेक प्रोबमध्ये प्लॅटिनमच्या जागी सोनं असतं, एवढाच फरक. पडद्यालगतचा ऑक्सिजन सतत खर्च होत असल्यामुळे प्रोब पाण्यात हलता ठेवावा लागतो, नाहीतर आकडा हळूहळू उतरत जातो.

बिघाडही इथूनच सुरू होतात. पडद्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर बसला की ऑक्सिजन आत कमी पोहोचतो, शिवाय त्या थरातले जीवाणू आपला वाटा उचलतात. आकडा कमी येतो. फाटलेला पडदा किंवा त्याखाली अडकलेला हवेचा बुडबुडा आकडा नाचवतो. मला सगळ्यांत घातक वाटतं ते मळक्या प्रोबवर उरकलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा माहीत असलेल्या मूल्याशी जुळवून घेणं. मीटर बिचारा गुणक वाढवून हवेत १०० टक्के दाखवतो आणि आतला आजार झाकला जातो.

पडदा बदलणं सोपं आहे: जुना काढायचा, ताजं द्रावण भरायचं, नवा पडदा सुरकुती आणि बुडबुडा न ठेवता बसवायचा. खरं काम त्याच्या आत असतं. वापरता वापरता चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा करडा थर चढत जातो. सांडपाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडने तीच चांदी काळी पडते. क्लोराइडचा थर पाण्याने जात नाही, अमोनियात मात्र विरघळतो. म्हणून पडदा काढून प्रोबचं टोक घरगुती सफाईच्या सौम्य अमोनियात, सुमारे ३ टक्के, रात्रभर बुडवतात. सकाळी चांदी पुन्हा पांढरी दिसते. मग भरपूर पाण्याने धुवायचं. वापरलेलं द्रावण बाटलीत भरून ठेवू नये, कारण चांदी आणि अमोनियाच्या जुन्या द्रावणात स्फोटक गाळ तयार होऊ शकतो. ब्लीचजवळही अमोनिया नेऊ नये.

सोन्याच्या कॅथोडवर चांदीचा मुलामा चढला असेल, तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून दोन-तीन हलके फेरे पुरतात. चकाकी आणायच्या नादात घासत बसलात तर सोनंच जाईल. काही प्रोबना पेपर चालतच नाही, तेव्हा आधी पुस्तिका बघा.

आता कॅलिब्रेशन. ओलसर हवेत, मीटरला तापमान आणि हवेचा दाब नीट कळला पाहिजे. २५ अंशाला समुद्रसपाटीवर गोडं पाणी लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, महाबळेश्वरच्या उंचीवर जेमतेम ७. दाबाची नोंद चुकली तर चांगला प्रोबही खोटा ठरतो. तलावाचं पाणी खारं असेल तर क्षारतेचीही नोंद हवी.

शून्याची परीक्षा मात्र सहसा कोणी घेत नाही. सोडियम सल्फाइट पाण्यातला ऑक्सिजन संपवतं, त्या द्रावणात प्रोबने काही मिनिटांत शून्याजवळ यायला हवं. अर्ध्यावर अडकला तर कॅथोडवर चांदी उरली आहे किंवा पडदा गळतो आहे. तरीही शंका राहिली तर विंकलरची बाटली आहेच. १८८८ सालची ही टायट्रेशनची, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजण्याची पद्धत आजही मीटरला खोटं पाडू शकते.

शिसं किंवा जस्ताचा ॲनोड असलेल्या गॅल्व्हानिक, म्हणजे स्वतःच वीज तयार करणाऱ्या प्रोबमध्ये तो धातूच झिजत जातो. तो संपला की अमोनिया नाही की पॉलिश पेपर नाही, नवीनच घ्यावा लागतो.