बोलू देण्याचे कौशल्य

२८ डिसेंबर १९७८ च्या संध्याकाळी युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे विमान अमेरिकेतील पोर्टलंड शहरावर सुमारे तासभर घिरट्या घालत होते. उतरण्यासाठी चाके खाली सोडताना मोठा धक्का बसला होता आणि ती नीट अडकली आहेत की नाहीत, याची खात्री होत नव्हती. अनुभवी कॅप्टन त्या एकाच प्रश्नात गढून गेले होते. इंधन मात्र संपत चालले होते, आणि ते सहवैमानिक व फ्लाइट इंजिनिअर या दोघांनाही दिसत होते. त्यांनी इंधनाचा विषय काढलाही, पण आडून आडून. ‘आता उतरलेच पाहिजे’ असे ठासून कोणी म्हटले नाही. अखेर एकेक इंजिन बंद पडत गेले, धावपट्टी काही मैलांवर असताना विमान कोसळले आणि १८९ जणांपैकी १० जण मृत्युमुखी पडले.

त्या वैमानिक कक्षात तांत्रिक ज्ञानाची उणीव नव्हती. आवश्यक ती माहिती तिथे होतीच, फक्त ती निर्णय घेणाऱ्या माणसाच्या मनापर्यंत पोहोचली नाही. म्हणूनच चौकशीनंतर कॅप्टनना सहकाऱ्यांना सामावून घेण्याचे आणि इतरांना आपले म्हणणे ठामपणे मांडण्याचे प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस करण्यात आली. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेडने असे प्रशिक्षण सुरू केले आणि पुढे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ या नावाने ते जगभरच्या विमानसेवांत रुजले. १९ जुलै १९८९ रोजी त्याच कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या विमानाचे शेपटीतील इंजिन फुटले आणि दिशा व उंची नियंत्रित करणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच यांची मदत घेतली, सर्वांच्या सूचना ऐकल्या आणि केवळ उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. ११२ जणांचे प्राण गेले, पण २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स यांनी पुढे अनेक व्याख्यानांतून याचे मोठे श्रेय त्या प्रशिक्षणाला दिले.

ही दोन विमाने मी मुद्दाम शेजारी ठेवली आहेत, कारण नेतृत्व ही उपजत देणगी आहे ही समजूत अजूनही घट्ट आहे. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांतून असे दिसते, की नेतृत्वाची पदे कोणाकडे येतात यातील माणसामाणसांमधल्या फरकांपैकी सुमारे ३० टक्के फरक अनुवंशिकतेशी जोडता येतो. उरलेला मोठा वाटा वाढ, अनुभव, संधी आणि शिक्षण यांचा आहे. शिकण्यासारखे पुष्कळ आहे, हे यावरून उघड होते. काय शिकायचे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

एमी एडमंडसन या संशोधिकेला त्याचे उत्तर अनपेक्षितपणे मिळाले. १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना चांगल्या नेतृत्वाखालच्या विभागांत चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे नेमके उलटे आले: अशा विभागांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथले कर्मचारी अधिक चुकत होते असे नव्हे, तर ते आपल्या चुका लपवत नव्हते, हा त्याचा सर्वांत पटणारा अर्थ होता. १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांच्या अभ्यासातून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली. प्रश्न विचारला, शंका काढली किंवा चूक कबूल केली तर आपला पाणउतारा होणार नाही, हा गटातील विश्वास म्हणजे ही सुरक्षितता. तिचा ढिलाईशी संबंध नाही. कामाचा दर्जा कडक ठेवूनही ती जपता येते, किंबहुना तेव्हाच ती सर्वाधिक उपयोगी पडते.

हा विश्वास रोजच्या बोलण्यात घडतो आणि बिघडतो, विशेषतः कामाबद्दलचा अभिप्राय देताना. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरील जुन्या संशोधनातील ६०७ निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने कामगिरी सुधारली होती, पण एक तृतीयांशाहून अधिक निष्कर्षांत ती चक्क खालावली होती. त्यांच्या मते, अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उडून स्वतःच्या प्रतिमेकडे वळले, की परिणाम क्षीण होतो. अहवाल हाती घेऊन वरिष्ठ म्हणाले, ‘तुम्ही फार निष्काळजी आहात’, तर ऐकणारा उरलेला दिवस मनातल्या मनात स्वतःचा बचाव करत बसतो. ‘तिसऱ्या तक्त्यातील बेरीज मूळ नोंदींशी जुळत नाही, पाठवण्याआधी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा’ असे सांगितले, तर त्याच्या हाती पुढची कृती येते. कौतुकालाही हेच लागू पडते, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते: ‘तुम्ही हुशार आहात’ या वाक्यातून पुन्हा करण्याजोगे काहीच हाती लागत नाही.

हे सारे एका दिवसाच्या शिबिरात ऐकून अंगी बाणत नाही. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अर्थहीन अक्षरगटांच्या पाठांतराचा सुमारे दोन तृतीयांश लाभ एका दिवसात नाहीसा होत होता. अर्थपूर्ण कौशल्ये इतक्या वेगाने पुसली जात नाहीत, तरीही २०१७ मध्ये नेतृत्व प्रशिक्षणाच्या ३३५ नमुन्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा सलग उरकलेल्या प्रशिक्षणापेक्षा अंतराअंतराने दिलेले, सराव आणि अभिप्राय यांची जोड असलेले प्रशिक्षण अधिक फळल्याचे दिसले. संकल्पाची भाषाही नेमकी हवी. ‘मी सर्वांचे ऐकेन’ हा संकल्प विरून जातो. ‘बैठकीत माझे मत सांगण्याची वेळ आली, की आधी सर्वांत कनिष्ठ सहकाऱ्याला विचारेन’ यात प्रसंग आणि कृती बांधली गेल्याने ऐनवेळी आठवण होते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या अशा ‘जर-तर’ योजनांना ९४ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात चांगले बळ मिळाले आहे.

बोलण्याची वाट आधीच मोकळी करून ठेवण्याचा एक साधा उपाय शस्त्रक्रियागृहात पाहायला मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षा तपासणी यादीनुसार पहिला छेद घेण्यापूर्वी तिथला प्रत्येक जण आपले नाव आणि काम मोठ्याने सांगतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ रुग्णालयांच्या अभ्यासात ही यादी वापरू लागल्यानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यादीत इतरही अनेक बाबी असल्याने याचे सारे श्रेय ओळख करून देण्याला देता येणार नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात सर्वांत नवख्या परिचारिकेचा आवाज शल्यविशारदाने एकदा ऐकलेला असतो, आणि पुढे काही वावगे दिसले तर तिला बोलण्याची सुरुवात नव्याने करावी लागत नाही.