मॅरँट्झ १०बी (एफएम ट्यूनर)

अमेरिकेतल्या मॅरँट्झ कंपनीचा, व्हॉल्ववर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर) चालणारा स्टिरिओ एफएम ट्यूनर, म्हणजे स्टेशन पकडून आवाज अॅम्प्लिफायरकडे देणारा रेडिओ. काळ साधारण १९६४ च्या आसपासचा, पण आधीचं मॉडेल १० आणि हे सुधारलेलं १०बी यांची बऱ्याच नोंदींत सरमिसळ होते म्हणून साल एखाद-दोन वर्षं मागेपुढे दिलेलं सापडतं. अमेरिकेत स्टिरिओ एफएमला परवानगी १९६१ साली मिळाली, म्हणजे हा ट्यूनर त्या पद्धतीच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतला.

डिझाइन कोणाचं यावर हौशी मंडळी अजून भांडतात. काहीजण सगळं श्रेय रिचर्ड सेक्वेरा या इंजिनिअरला देऊन मोकळे होतात, पण सिडनी स्मिथ हा तेव्हा कंपनीतला मोठा इंजिनिअर, मॉडेल ९ अॅम्प्लिफायर त्याचाच, त्यामुळे दोघांचं मिळून काम असं धरणंच जास्त पटतं.

सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे पुढच्या पॅनलवरचा छोटा ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आकार रेषेने दाखवणारा पडदा. बाकीच्या बऱ्याच ट्यूनरवर सुईचा मीटर असायचा, तो सहसा सिग्नल किती जोरात आहे एवढंच सांगतो, तो स्वच्छ आहे का ते नाही. इथे स्टेशन नीट लागलं की पडद्यावर आडवी सरळ रेष मधोमध येते, ट्यूनिंग चुकलं तर ती बाजूला सरकते, आणि इमारतीवर किंवा डोंगरावर आपटून आलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळल्या (यालाच मल्टिपाथ म्हणतात) की रेष वेडीवाकडी होते. मग रेष बघत बघत अँटेना फिरवायची. दुसरी गोष्ट आतली, आयएफ टप्प्यातले (पकडलेला सिग्नल एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणून गाळतात तो टप्पा) बटरवर्थ नावाच्या प्रकारचे फिल्टर. शेजारचं स्टेशन कापायचं पण हव्या त्या सिग्नलची फेज (लहरींचा एकमेकींशी वेळेचा मेळ) बिघडवायची नाही, हा त्यामागचा हेतू, कारण फेज बिघडली की डावं-उजवं चॅनल एकमेकांत मिसळायला लागतं. माझ्या मते खरं इंजिनिअरिंग हे आहे, स्कोप फक्त डोळ्यात भरतो.

किंमत ६०० डॉलरच्या वर, त्या काळी अफाटच. १९६४ मध्ये मॅरँट्झ सुपरस्कोप या दुसऱ्या कंपनीकडे गेली ती ह्या ट्यूनरच्या खर्चामुळे असं सर्रास सांगतात, तो खर्च एक कारण असावा इतकं म्हणता येईल. सेक्वेराने पुढे स्वतःच्या नावाचा ट्यूनर काढला, त्याच्या स्कोपवर आजूबाजूची स्टेशनंही दिसायची.

१०बी वर फक्त एफएम लागतं आणि आपल्याकडे एफएम आलं १९७७ मध्ये, तेही मद्रासला, म्हणजे हा ट्यूनर निघाला तेव्हा इथे त्यावर काही लागलंच नसतं.