करकर की खडखड? छप्पर उघडणाऱ्या गाडीतले आवाज

बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण काढा, खोका दोन्ही टोकांना धरा आणि ओलं कापड पिळतो तसा पिळून पाहा. लगेच वाकडा होतो. आता झाकण बसवून चारी कडांना चिकटपट्टी लावा आणि पुन्हा पिळा. खोका दाद देत नाही. कन्व्हर्टिबल गाडी म्हणजे हा झाकण काढलेला खोका, आणि तिच्यातल्या बहुतेक करकरीचं मूळ इथेच आहे.

बंद गाडीचं छप्पर पाऊस तर अडवतंच, शिवाय फरशी, खांब आणि बाजू यांच्याशी मिळून ते एक पेटी पुरी करतं. छप्पर गेलं की पिळाचा सगळा भार फरशीवर आणि दाराखालच्या पट्ट्यांवर येतो. तिथे जाड पत्रा वापरतात, तिरक्या सळया टाकतात. काही गाड्यांत कंपन शोषायला मागच्या भागात लवचीक आधारावर एक वजनच बसवलेलं असतं. तरी फरक उरतो. सांगाडा जितका लवचीक, तितकी त्याची पिळण्याची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे तो आपसूक सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा, खाली येते. खराब रस्त्यावर चाकं सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा उसळतात आणि ही कंपनसंख्या त्या आकड्याकडे सरकते. मग एक चाक खड्ड्यात गेलं की समोरच्या काचेची चौकट थरथरताना डोळ्यांना दिसते. जुन्या कन्व्हर्टिबलचा एकच कोपरा जॅकवर उचलला तर कधी कधी दारसुद्धा अडकतं.

म्हणून अशा गाडीत काय सैल झालंय हे शोधण्याआधी, कोणते दोन भाग एकमेकांवर हलताहेत हे शोधावं. ते हलणं पूर्ण थांबणार नाही. त्याचा आवाज मात्र थांबवता येतो.

निदानाचं निम्मं काम आपल्या भाषेनं आधीच करून ठेवलंय. करकर, खडखड, फडफड, शीळ: प्रत्येक शब्दामागे वेगळं भौतिकशास्त्र आहे. खडखड म्हणजे आपटणं. दोन भागांत फट आहे आणि ते एकमेकांवर आदळताहेत. करकर म्हणजे अडकत अडकत घसरणं. रबर काचेला चिकटून थोडं ताणलं जातं, ताण असह्य झाला की सुटतं, घसरतं, पुन्हा चिकटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. व्हायोलिनचा गज तार वाजवतो तो याच रीतीनं. फरक एवढाच की तिथे राळ लावून हे घर्षण वाढवतात आणि गाडीत आपल्याला ते घालवायचं असतं. खडखडीला घट्टपणा किंवा मऊ अस्तर लागतं, करकरीला निसरडेपणा. करकरणारा स्क्रू आणखी आवळला तर कित्येकदा आवाज वाढतो, कारण पृष्ठभाग जास्त जोरानं दाबले जातात.

आवाजाची जागा ठरवताना मात्र कानावर भिस्त ठेवू नये. आवाज एका कानाला आधी पोचतो आणि दुसऱ्याला किंचित उशिरा. हा फरक फार तर ०.७ मिलिसेकंदांचा. त्यावरून मेंदू डावं-उजवं छान ओळखतो, पण अगदी समोरचा, डोक्यावरचा आणि पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. त्यात पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५,००० मीटर धावतो, हवेत फक्त ३४० च्या आसपास. कंपन एका टोकाला जन्मतं आणि दुसऱ्या टोकाला बोलतं.

माझ्या गाडीत डाव्या खांद्यामागे करकर यायची. दोन आठवडे मी सीटबेल्ट, सीटचे रूळ, मागची पॅनेल तपासत होतो. शेवटी एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. छप्पर उघडलं, आवाज गेला. छप्पर लावलं, आवाज आला. मग छप्पर लावून पुढची कडी तेवढी सोडली आणि चालण्याच्या वेगात गतिरोधकावरून गेलो. शांत! म्हणजे दोष काचेच्या चौकटीवरच्या कडीत. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर आकड्याच्या आतल्या बाजूला नखाएवढ्या जागेतला रंग उडून धातू आरशासारखा चकाकत होता. घासणारी जागा अशी स्वतःच खूण सोडते. टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस बोटानं पसरलं आणि खांद्यामागची करकर थांबली. छपराच्या पोलादी सांगाड्यानं ती मागे नेली होती आणि तिथलं प्लॅस्टिकचं पॅनेल तिला फळीसारखं घुमवत होतं.

वाऱ्याचे आवाज वेगळ्या जातीचे. चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी १८७८ मध्ये दाखवलं की वाऱ्यातल्या तारेचा सूर वाऱ्याचा वेग आणि तारेची जाडी यांवर ठरतो. ५ मिलिमीटर जाडीचा अँटेना ताशी १०० किलोमीटरला सुमारे १,१०० हर्ट्झची शीळ घालतो. म्हणूनच पुष्कळ अँटेनांवर सर्पिल कडा असते, तिच्यामुळे अँटेनामागे लयीत सुटून शीळ घालणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांची लय मोडते. वाऱ्याच्या अशा आवाजाची ताकद वेगाच्या साधारण सहाव्या घातानं वाढते. वेग दुप्पट झाला की ६४ पट, म्हणजे १८ डेसिबल. ६० ला ऐकू न येणारी फट १२० ला किंचाळते ती यामुळे.

अशा फटी शोधायला रंगकामाची कागदी चिकटपट्टी पुरते. संशयित सांधे बाहेरून बंद करा, फेरी मारा, मग एकेक पट्टी काढत जा. जी काढल्यावर शीळ परतली, ती जागा. या गाड्यांच्या दारांना काचेभोवती चौकट नसते, काच थेट बीडिंगमध्ये, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीत, जाऊन बसते. म्हणून तिथे कागदाची पट्टी धरून दार लावावं आणि ती ओढून पाहावी. जिथे सुळकन निघते तिथे दाब कमी आहे.

बीडिंग बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं. त्याला खनिज तेल किंवा पेट्रोलियम जेली लावू नये, त्यानं हे रबर फुगतं. ते धुवून, वाळवून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा.

आणि आवाज येतो तेव्हा तापमान किती होतं, ते लिहून ठेवावं. ३० अंशांच्या फरकानं एक मीटर पोलाद अर्ध्या मिलिमीटरहून कमी वाढतं, तर डॅशबोर्डमधलं तेवढंच पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक ३ मिलिमीटरपर्यंत वाढू शकतं. माझ्या डॅशबोर्डची टकटक फक्त सकाळच्या पहिल्या काही मिनिटांत यायची. ऊन लागलं की प्लॅस्टिक फुगून फट बुजायची आणि सगळं गप्प. त्यामुळे फेल्टची पट्टी मी पहाटेच, गाडी गार असताना सरकवली. दुपारी तीच फट नखानं चाचपूनही सापडत नव्हती.