मंत्रिपदाचा जादूगार कसा झाला

‘द किंग अँड आय’ हे संगीत नाटक १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले, १९५६ मध्ये पडद्यावर गेले आणि मार्च १९९९ मध्ये त्याचा मुलांसाठी ॲनिमेशनपट झाला. कथेतली ॲना, म्हणजे सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाच्या मुलांची शिक्षिका, आपल्या अहमदनगरात १८३१ साली जन्मली आणि १८४९ मध्ये पुण्यात तिचे लग्न झाले. सांगताना मात्र ती जन्मगाव वेल्समधले सांगे. म्हणजे रंग चढवायला सुरुवात तिनेच केली होती.

नाटक जवळजवळ तीन तासांचे, ॲनिमेशनपट दीड तासाच्या आतला. कात्री पहिल्यांदा लागली ती तपतिमच्या कथेला. नाटकात ती ब्रह्मदेशाहून राजाला ‘भेट’ आलेली मुलगी. प्रियकर दुसराच, आणि दुसऱ्या अंकातल्या लांब नृत्यनाट्यातून ती गुलामगिरीवर राजासमोरच बोट ठेवते. जनानखाना मुलांना दाखवायचा नाही, म्हणून तिला दासी केले आणि राजपुत्र चुलालाँगकॉर्नशी तिची जोडी लावली. (ॲना १८६२ मध्ये सयामला पोचली तेव्हा हा राजपुत्र आठ वर्षांचा होता!) नृत्यनाट्य गेले, त्याबरोबर राजा आणि ॲना यांच्यातल्या भांडणाचे मूळही गेले. ती पोकळी भरायला खलनायक हवा होता.

तो सापडला राजाच्या मंत्र्यात, क्रालाहोममध्ये. मुळात हे नाव नव्हेच, पद आहे. थाई ‘कलाहोम’ म्हणजे लष्कर आणि दक्षिणेकडचे प्रांत सांभाळणारे खाते. थायलंडच्या संरक्षण मंत्रालयाच्या नावात तो शब्द आजही आहे. आपल्याकडे चिटणीस, सबनीस ही पदे आडनावे झाली, तसे इथे पद हेच पात्राचे नाव होऊन बसले. नाटकातला क्रालाहोम करडा, पण राजनिष्ठ. ॲनिमेशनमध्ये तो सिंहासनावर डोळा ठेवणारा मांत्रिक झाला. वास्तवात त्या वेळी हे पद बुन्नाग घराण्याकडे होते. १८६८ मध्ये राजा वारल्यावर याच घराण्यातल्या मंत्र्याने १८७३ पर्यंत अल्पवयीन चुलालाँगकॉर्नचा कारभार पाहिला आणि मग सत्ता त्याच्या हाती दिली. ज्याने गादी राखली त्यालाच गादीचा चोर ठरवले. सगळ्या बदलांत हा सर्वांत वाईट.

गाणी राखली, पण ती महाग पडतात. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेमभर धरले तरी तीन मिनिटांच्या गाण्यात एकेका पात्राची २,१६० चित्रे होतात. नाचात कॅमेरा सरकत असेल तर दर फ्रेमला नवे चित्र लागते, नाहीतर पात्र पार्श्वभूमीवर थरथरत सरकते. ॲनाच्या घेरदार झग्याला तर कुठलीच गिरकी सोपी नाही. शिवाय ॲनाच्या संवादांचा आवाज एकीचा, गाण्यांचा दुसरीचा. १९५६ च्या चित्रपटातही तसेच होते, पण तिथे अभिनेत्रीचा चेहरा सांधा झाकायचा.

ॲनिमेशनपटाचा खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर, कमाई त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यात शेवटी राजा वाचतो. नाटकात तो ॲनाच्या समोर मरतो. खरी ॲना राजाच्या मृत्यूआधी वर्षभर, १८६७ मध्येच सयाम सोडून गेली होती.