काडतुसाच्या आधीचं काडतूस

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या ‘वेस्टर्न’ सिनेमातला, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या बंदूकबाजांच्या गोष्टीतला, टुको वाळवंटातून अर्धमेला होऊन बंदुकांच्या दुकानात शिरतो, तो प्रसंग एकदा पाहिला की विसरत नाही. समोर ठेवलेली रिव्हॉल्व्हरं तो भराभर सुटी करतो. एकाची नळी डोळ्याला लावून उजेडाकडे बघतो, दुसऱ्याची चक्री कानाशी नेऊन फिरवतो, तिची टिकटिक ऐकतो, आणि पसंत पडलेले भाग जोडून स्वतःसाठी हत्यार तयार करतो. मग दुकानदाराकडे काडतुसं मागतो, आणि ती त्याला मिळतात.

खरं तर मिळायला नको होती. गोष्ट घडते १८६२मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, न्यू मेक्सिकोच्या रखरखाटात. टुकोच्या हातात आहे कोल्ट कंपनीचं १८५१चं नेव्ही मॉडेल. त्या वर्षी या रिव्हॉल्व्हरमध्ये पितळी काडतूस घालायची सोयच नव्हती.

मग ते भरायचे कसे? आपल्याकडे कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक असते. ती भरताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटकन कळेल. आधी घोडा, म्हणजे टोपीवर घाव घालणारा मागचा हातोडा, अर्धा चढवायचा; मग चक्री मोकळी फिरते. चक्रीच्या एका घरात मोजून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांडीने ती दाबून घट्ट बसवायची. गोळीवर चरबी लिंपायची, नाहीतर एका घरातला जाळ शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडण्याची भीती. हे सगळं सहा वेळा. शेवटी चक्रीच्या मागच्या बाजूला प्रत्येक घरामागे एकेक इवलीशी तांब्याची टोपी बसवायची. ही टोपी म्हणजे दिवाळीतल्या टिकलीची थोरली बहीण. टिकलीत लाल फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट असतं, त्या काळच्या टोपीत मर्क्युरी फल्मिनेट असायचं. दोन्हीचा गुण एकच, घाव बसला की पेट घ्यायचा. लहानपणी मी टिकल्या दगडाने फोडायचो तेव्हा एका अख्ख्या शतकाचं युद्धतंत्र हातात आहे हे कुठे ठाऊक होतं!

पितळी काडतुसात दारू, गोळी आणि टोपी हे तिन्ही एकाच डबीत बसतात. पण ही डबी मागून सरकवायची तर चक्रीची घरं आरपार हवीत. ती कल्पना रोलिन व्हाइट नावाच्या माणसाने १८५५मध्ये पेटंट करून ठेवली होती, आणि तिचा हक्क स्मिथ अँड वेसन कंपनीकडे होता. १८६९मध्ये पेटंटची मुदत संपेपर्यंत कोल्टचे हात बांधलेले होते. त्यानंतर जुन्या नेव्ही रिव्हॉल्व्हरांना काडतुसं घेता येतील असे बदल करून विकणं सुरू झालं, आणि १८७३मध्ये ‘पीसमेकर’ नावाने गाजलेलं नवं कोल्ट आलं. १८६२मध्ये काडतुसं मुळीच नव्हती असं नाही. हेन्री रायफलमध्ये होती, स्मिथ अँड वेसनच्या छोट्या रिव्हॉल्व्हरांमध्ये होती. टुकोच्या हातातल्या हत्यारासाठी मात्र नव्हती. याच सिनेमात पुढे डायनामाइटने पूल उडवतात, आणि नोबेलचं डायनामाइटचं पेटंट आहे १८६७चं.

हा निष्काळजीपणा आहे असं मला वाटत नाही. दिग्दर्शक सर्जिओ लिओनीने मॉडेल अगदी काळाला धरून निवडलं होतं. ते हाताशीही होतं. यादवी युद्धाची शंभरी जवळ आल्यावर अमेरिकेत जुन्या हत्यारांच्या प्रतिकृतींना मागणी आली, आणि उत्तर इटलीतल्या गार्दोने वाल ट्रोम्पिया या बंदूक घडवणाऱ्यांच्या गावात उबेर्ती कंपनीने १८५१च्या नेव्हीच्या प्रती बनवायला घेतल्या. अडचण शूटिंगची होती. एकाच दृश्याचे अनेक टेक घ्यायचे, आणि दर टेकला सहा वेळा दारू ओता, ठासा, टोप्या बसवा. त्यापेक्षा नुसता बार काढणारी, गोळी नसलेली ‘ब्लँक’ काडतुसं क्षणात भरता येतात.

हॉलिवूडमध्ये तर ब्लँकनेच बंदुका निवडल्या असं म्हणावं लागेल. तिथे ‘फाइव्ह-इन-वन’ नावाचं एक ब्लँक चालायचं. वेगवेगळ्या मापांची तीन रिव्हॉल्व्हरं आणि दोन रायफली, अशा पाच हत्यारांत ते एकच काडतूस बसायचं. स्टेमब्रिजसारखी बंदुका भाड्याने देणारी दुकानं स्टुडिओंना पेट्याच्या पेट्या पुरवायची. त्यांना कोल्ट पीसमेकर आणि १८९२ची विंचेस्टर ही जोडी फार सोयीची. ही विंचेस्टर जॉन ब्राउनिंगने आखलेली, सुटसुटीत, आणि दहा लाखांच्या आसपास तयार झालेली, म्हणजे मिळायलाही सोपी. म्हणून ‘स्टेजकोच’ या सिनेमात नट जॉन वेन १८८०च्या सुमाराच्या गोष्टीत जी रायफल गरकन फिरवतो, ती अजून जन्मायचीच आहे.

सालाच्या या चुका मी माफ करतो. दहा-वीस वर्षं पुढची रायफल पडद्यावर आली म्हणून गोळीबार कसा असतो याची कल्पना फारशी बिघडत नाही. ती बिघडते धुरामुळे आणि हवेत उडणाऱ्या माणसांमुळे.

आधी धूर. त्या काळची दारू म्हणजे साधारण ७५ भाग शोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती पेटली की निम्म्याहून थोडी कमीच वायू होते. उरलेली पोटॅशियमच्या क्षारांची बारीक भुकटी होऊन हवेत तरंगते. हाच तो पांढरा, दाट, कुजक्या अंड्यासारख्या वासाचा धूर. पीसमेकरच्या एका काडतुसात सुमारे अडीच ग्रॅम दारू भरलेली असे. बंद सलूनमध्ये, म्हणजे तिथल्या पिण्याच्या गुत्त्यात, दोघा-तिघांनी पाच-पाच बार काढले तर समोरचा माणूस सोडाच, समोरची भिंतही धड दिसणार नाही. पडद्यावर मात्र वीस बार झाल्यावरही नायकाचे डोळे लख्ख दिसतात, कारण ब्लँकमधली दारू कॅमेऱ्याच्या सोयीने भरलेली असते. फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने १८८४मध्ये बिनधुराची दारू शोधली. ती अमेरिकेत रुळेपर्यंत वेस्टर्नमधला बहुतेक काळ सरलेला होता. शिवाय जुन्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि लोखंड गंजवते. त्या काळी बंदूक वापरणाऱ्याला ती गरम पाण्याने धुवावीच लागे, आणि हे धुणं सिनेमात क्वचितच दिसतं.

आता उडणारी माणसं. गोळी लागली की गुंड मागच्या मागे फेकला जातो, खिडकी फोडून बाहेर पडतो. हिशोब अगदी सोपा आहे. पीसमेकरची गोळी सुमारे साडेसोळा ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण २७० मीटर. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग, तो आला जवळपास साडेचार किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. सगळी गोळी ७० किलोच्या माणसात रुतून बसली तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या साध्या चालीच्या विसाव्या भागाएवढा. आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने गोळी झाडणाऱ्यालाही जवळजवळ तेवढाच धक्का बसतो. समोरचा खिडकीतून उडणार असेल तर नायकही सलूनच्या काउंटरमागे उडायला हवा. खरा माणूस बहुतेक वेळा होता तिथेच खाली कोसळतो. गोळी शरीर फाडते, ढकलत नाही. पडद्यावर त्याला कमरेला बांधलेली तार ओढत असते.

कमरेला खाली लटकणारा, मांडीला दोरीने बांधलेला होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचा चामडी खिसाही असाच सिनेमाच्या काळातला. जुन्या फोटोंत रिव्हॉल्व्हर कमरेपाशी उंच, चामड्याच्या खोल खिशात बसलेलं दिसतं. ते झटकन उपसण्यापेक्षा घोड्यावरून पडू नये याची काळजी जास्त होती. पडलं की काय होतं हे जुन्या पश्चिमेतला नामांकित पोलीस वायट अर्प याला चांगलं माहीत होतं. १८७६च्या जानेवारीत, कॅन्ससमधल्या विचिटा गावात तो पोलीस असताना, सलूनच्या मागच्या खोलीत बसला असता रिव्हॉल्व्हर निसटून पडलं, त्याचा घोडा आपटला, बार झाला आणि गोळी त्याच्या कोटातून आरपार गेली. म्हणूनच जाणकार सहा घरांपैकी पाचच भरत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवत. पावणेसहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर १८८१ला, ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावात अर्प आणि त्याच्या साथीदारांची गुंडांशी ती प्रसिद्ध चकमक झाली. ती, नाव पडलं तसं, ओ. के. कोरल या घोड्यांच्या वाड्यात नव्हे, तर जवळच्या एका फोटो स्टुडिओला लागून असलेल्या मोकळ्या जागेत झाली. अंतर काही फुटांचं, आणि सगळा खेळ सुमारे अर्ध्या मिनिटात आटोपला.

फोटोवरून बिली द किड या त्या काळच्या कुप्रसिद्ध तरुण गुंडाची आठवण होते. त्याचा लोखंडी पत्र्यावर घेतलेला एक फोटो २०११मध्ये तेवीस लाख डॉलरना विकला गेला. त्यात पिस्तूल डाव्या बाजूला दिसतं, म्हणून बिली डावखुरा होता असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले. १९५८मध्ये ‘द लेफ्ट हँडेड गन’ असा सिनेमाही निघाला. पण त्याच फोटोत त्याच्या शेजारी १८७३ची विंचेस्टर उभी आहे. या रायफलीत काडतुसं सरकवायची झडप उजव्या अंगाला असते. फोटोत ती डाव्या अंगाला दिसते! पत्र्यावरचे फोटो आरशासारखे उलटे येतात. काडतुसाच्या एका झडपेने बिलीला पुन्हा उजवा केला.

रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोष्ट अशी आहे जी रायफलीत नाही. समोरून कॅमेरा लावला की चक्रीच्या घरांत गोळ्यांची टोकं दिसतात. ब्लँकला टोक नसतं. मग जवळच्या दृश्यांसाठी ‘डमी’ वापरतात. तिचं पितळ खरं, शिशाची गोळी खरी, फक्त आत दारू नाही. दिसायला ती जिवंत काडतुसासारखीच हवी, नाहीतर उपयोग काय? २१ ऑक्टोबर २०२१ला न्यू मेक्सिकोत, सांता फे शहराजवळ ‘रस्ट’ या वेस्टर्नची तालीम चालू असताना इटलीत बनलेल्या अशाच एका जुन्या धाटणीच्या कोल्टच्या प्रतिकृतीत डमींच्या जागी एक जिवंत काडतूस निघालं. छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स त्यात गेल्या, दिग्दर्शक जखमी झाले.

डमी ओळखायची जुनी खूण आहे. बनवतानाच तिच्या पोटात दारूऐवजी एक बारीक लोखंडी गोळी टाकतात. हत्यार भरण्याआधी प्रत्येक काडतूस एकेक करून चिमटीत धरायचं, कानाशी न्यायचं आणि हलवायचं. आत खुळखुळलं पाहिजे.