क्वार्टरबॅक वाद

क्वार्टरबॅक वाद : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये संघातील दोन किंवा अधिक क्वार्टरबॅकपैकी (चेंडू हाती घेऊन आक्रमण चालवणाऱ्या व पास टाकणाऱ्या खेळाडूंपैकी) सामन्याची सुरुवात कोणी करावी, याविषयी चाहते, माजी विद्यार्थी, वार्ताहर आणि प्रशिक्षक यांच्यात होणारा जाहीर वाद. व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगमध्येही असे वाद होतात. पण तेथे कराराची रक्कम बरेच काही आधीच ठरवून टाकते. महाविद्यालयात खेळाडूला साधारणतः चारच हंगाम खेळता येते. त्यामुळे ही जागा दर दोन-तीन वर्षांनी मोकळी होते आणि वाद नव्याने पेटतो. प्रस्तुत नोंद एनसीएए या राष्ट्रीय संघटनेच्या सर्वांत वरच्या विभागापुरती आहे.

मैदानावरील अकरांपैकी इतर बहुतेक जागांवर प्रशिक्षकाला दोन बरोबरीचे खेळाडू आलटून-पालटून वापरता येतात. धावणारे बॅक थकतात म्हणून बदलतात, झेल घेणारे रिसीव्हर तर दर डावाला, म्हणजे चेंडू खेळात आल्यापासून थांबेपर्यंतच्या दर चालीला, बदलतात. क्वार्टरबॅक मात्र एका वेळी एकच, आणि तो थकला म्हणून सहसा बाहेर येत नाही. संघात चार-पाच क्वार्टरबॅक असले, तरी हंगामातील जवळजवळ सर्व डाव एकटाच खेळतो. बाकीचे बाकावर बसतात. आणि गावातला सर्वांत लोकप्रिय खेळाडू म्हणजे राखीव क्वार्टरबॅक, ही अमेरिकेतली जुनी थट्टा तेथूनच आली. त्याच्या चुका अजून कोणी पाहिलेल्या नसतात.

आरंभ : या वादाची सुरुवात कोणत्या काळापासून धरावी याबाबत मतभेद आहेत. एक मत तो खेळाइतकाच जुना ठरवते. येल विद्यापीठाचे वॉल्टर कँप यांच्या आग्रहाने १८८० मध्ये स्क्रिमेज रेषेचा, म्हणजे डावाआधी दोन्ही संघ जिच्या दोन बाजूंना उभे राहतात त्या रेषेचा, नियम आला. चेंडू निर्विवादपणे एका संघाकडे राहू लागला, तो मागे घेणारा खेळाडू निश्चित झाला आणि डावाचे संकेत देण्याचे कामही बहुधा त्याच्याकडे गेले. तेव्हा ‘संकेत कोणी द्यावेत’ हा प्रश्न त्या काळीही असणारच, असे हे मत मानते. मात्र याच्या आड दोन गोष्टी येतात. पुढे टाकायच्या पासला १९०६ मध्ये परवानगी मिळाली खरी, पण सुरुवातीला फसलेल्या पासला जबर दंड होता, म्हणून पास टाकण्याचे कौशल्य हा निवडीचा निकष बनला नाही. दुसरे, त्यानंतर रूढ झालेल्या सिंगल विंग रचनेत चेंडू बहुधा थेट टेलबॅककडे जाई. धावणे आणि पास टाकणे ही त्याची कामे. क्वार्टरबॅक संकेत देई आणि वाट मोकळी करण्यासाठी अंगावर धक्के घेई. प्रेक्षकांचा नायक टेलबॅक होता, साहजिकच वादही बहुधा त्याच्यावरूनच होत असावेत.

दुसरे मत १९४० हे वर्ष निर्णायक मानते. त्या वर्षी क्लार्क शॉनेसी यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात सुधारित टी रचना आणली, फ्रँकी अल्बर्ट या डावखुऱ्या टेलबॅकला क्वार्टरबॅक केले आणि संघ अपराजित राहिला. १ जानेवारी १९४१ रोजी रोझ बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात त्याने नेब्रास्काला २१–१३ असे हरवले. प्रत्येक डावात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हाती येऊ लागला. पुढील दहा-बारा वर्षांत बहुतेक संघ या रचनेकडे वळले. वादाचा पाया येथे पडला हे मत अधिक ग्राह्य वाटते, पण तेवढ्याने आजचे रूप स्पष्ट होत नाही. १९५३ ते १९६४ या काळात बदली खेळाडूंवर कडक मर्यादा होत्या. क्वार्टरबॅकला बचावातही उभे राहावे लागे, त्यामुळे पास उत्तम टाकणारा पण टॅकलमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाडण्यात, कच्चा खेळाडू मागे पडे. १९६५ पासून बदली मुक्त झाली, तेव्हा कुठे निवड निव्वळ आक्रमणातील कौशल्यावर होऊ लागली. १९७२ पासून पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही मुख्य संघात खेळण्यास पात्र झाले आणि ‘अनुभवी वरिष्ठ की गुणी नवखा’ हे वादाचे परिचित रूप सिद्ध झाले.

निवडीची प्रक्रिया : वसंत ऋतूत १५ सराव सत्रे, ऑगस्टमध्ये शिबिर आणि हंगाम सुरू झाल्यावर आठवड्याला कमाल २० तास, एवढाच वेळ नियमाने मिळतो. प्रशिक्षकापुढचा खरा पेच या वेळेच्या वाटणीचा असतो. पहिल्या फळीच्या खेळाडूंबरोबर केलेल्या डावाच्या एकेका आवर्तनाला तेथे ‘रेप’ म्हणतात. स्पर्धा खुली ठेवायची तर रेप निम्मे-निम्मे वाटावे लागतात, आणि मग दोघांचीही तयारी अर्धवट राहते. चेंडू मागे देणाऱ्या सेंटरला दोन वेगळ्या हाकांच्या लयी लक्षात ठेवाव्या लागतात. चुकले की चेंडू सुटतो किंवा आघाडीचा खेळाडू वेळेआधी हलून पाच यार्डांचा दंड ओढवतो. रिसीव्हर वळण्याआधीच पास हातातून सुटलेला असतो, तो कोठे पोचणार हे सवयीने कळते, आणि प्रत्येकाच्या पासचा वेग वेगळा असतो. एक क्वार्टरबॅक डावखुरा असेल तर चेंडूची फिरकी उलटते, शिवाय त्याची न दिसणारी बाजू डावीऐवजी उजवी होते. म्हणजे उजव्या टॅकलवरचा (त्या बाजूने क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या खेळाडूवरचा) भार वाढतो. म्हणून बहुतेक प्रशिक्षक पहिल्या सामन्याच्या दहा-पंधरा दिवस आधी निर्णय घेऊन रेपचा मोठा वाटा एकाला देतात. तो जाहीर करतीलच असे नाही. खेळाडूंच्या क्रमवारीत दोन नावांमध्ये ‘किंवा’ छापून वेळ मारून नेण्याची पद्धत सर्रास आहे.

सरावात क्वार्टरबॅक वेगळ्या रंगाचा सदरा घालतो. त्याला पाडायचे नाही अशी ती खूण. बचावपटूने स्पर्श केला की शिटी वाजते. त्यामुळे दडपणाखाली निसटण्याची, पाडले गेल्यावर उठून पुन्हा नेम साधण्याची परीक्षा सरावात होतच नाही. सरावात सरस ठरलेला सामन्यात ढेपाळतो याचे हे एक साधे कारण आहे. उलट संरक्षणरचना ओळखून रेषेवर डाव बदलणे, चुकीच्या वाचनातूनही नशिबाने पूर्ण झालेला पास ओळखणे, हे प्रशिक्षकाला चित्रफितीत दिसते आणि प्रेक्षकाला दिसत नाही. दोघेही अर्ध्या पुराव्यावर बोलत असतात.

आकड्यांचा आधार : चाहत्यांच्या वादात एनसीएएचा पासक्षमता गुणांक हटकून पुढे केला जातो. तो १९७९ पासून वापरात आहे. पासने मिळालेल्या यार्डांना ८.४ ने, टचडाउनच्या (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्यात पोचवण्याच्या) संख्येला ३३० ने आणि पूर्ण पासांना १०० ने गुणून बेरीज करायची. त्यातून प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या प्रत्येक पासामागे (इंटरसेप्शनमागे) २०० वजा करायचे. उरलेल्या संख्येला एकूण पासप्रयत्नांनी भागायचे. ३० पैकी २० पास पूर्ण, २५० यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन असेल तर गुणांक १५२ येतो. ही चांगली कामगिरी झाली. आता राखीव खेळाडू निकाल लागून गेलेल्या सामन्यात शेवटी येतो, दमलेल्या दुसऱ्या फळीविरुद्ध ८ पैकी ६ पास पूर्ण करून ९० यार्ड आणि १ टचडाउन मिळवतो. त्याचा गुणांक जवळजवळ २११ भरतो. त्याने आणखी एकच पास टाकला आणि तो प्रतिस्पर्ध्याने झेलला, तर तोच आकडा १६५ वर घसरतो. एका चेंडूने ४५ गुणांचा फरक पडत असेल, तर त्या आकड्यावर निवड ठरवणे धोक्याचे. आणखी एक त्रुटी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही : महाविद्यालयीन नोंदीत क्वार्टरबॅक चेंडूसह पाडला गेला की तोटा धावून मिळवलेल्या यार्डांच्या खात्यात जातो. चेंडू धरून ठेवणारा, वारंवार पाडला जाणारा खेळाडू या गुणांकात निष्कलंक राहतो.

मिशिगनने २०२२ मध्ये तर उघड चाचणी घेतली. आदल्या वर्षी संघाला बिग टेन या विद्यापीठगटाचे विजेतेपद मिळवून देणारा केड मॅकनमारा पहिल्या सामन्यात कोलोरॅडो स्टेटविरुद्ध, आणि जे. जे. मॅकार्थी दुसऱ्यात हवाईविरुद्ध सुरुवात करील, असे प्रशिक्षक जिम हार्बॉ यांनी आधीच सांगितले. मॅकार्थीने १२ पैकी ११ पास पूर्ण करून २२९ यार्ड व ३ टचडाउन मिळवले. गुणांक ३३४ च्या वर गेला आणि निवड झाली. प्रतिस्पर्धी दुबळा होता, हा आक्षेप रास्तच. तरी पुढच्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदानंतर तो घ्यायला कोणी उरले नाही.

दोघांना खेळवण्याचे प्रयोग : ‘दोन क्वार्टरबॅक आहेत म्हणजे एकही नाही’ ही उक्ती सामान्यतः प्रशिक्षक जॉन मॅडन यांच्या नावावर सांगतात. ती नेहमीच खरी ठरते असे नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये फ्लोरिडाच्या स्टीव्ह स्परियर यांनी अग्रमानांकित फ्लोरिडा स्टेटविरुद्ध डग जॉन्सन आणि नोआ ब्रिंडीस यांना डावाडावाला आलटून-पालटून पाठवले व सामना ३२–२९ असा जिंकला. बाहेरचा खेळाडू प्रशिक्षकाशेजारी उभा राहून पुढचा डाव समजून घेई, हा त्यातला व्यावहारिक फायदा. २००६ मध्ये त्याच विद्यापीठाने ख्रिस लीकला मुख्य ठेवून नवख्या टिम टीबोला थोड्या यार्डांच्या धावांसाठी वापरले आणि राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. कामे स्वच्छ वेगळी असली की ही पद्धत चालते. दोघांना एकच काम अर्धे-अर्धे दिले की बहुधा फसते. मिशिगनने १९९९ मध्ये पहिला चतुर्थांश टॉम ब्रेडी, दुसरा ड्रू हेन्सन आणि उत्तरार्ध ज्याचे बरे चालले त्याला, अशी वाटणी केली. मिशिगन स्टेटविरुद्धच्या ३४–३१ अशा पराभवानंतर ती हळूहळू गुंडाळून ब्रेडीला कायम केले. पुढे व्यावसायिक संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत ब्रेडीचे नाव १९९ व्या क्रमांकावर पुकारले गेले, हे लक्षात घेता त्या वेळी हेन्सनची बाजू घेणाऱ्यांना, ब्रेडी पुढे महान ठरला म्हणून, आज हसणे फारसे न्याय्य नाही.

काही गाजलेले वाद : नोत्र दामचा जो मोंटॅना १९७७ च्या आरंभी तिसऱ्या क्रमांकावर होता, पर्ड्यूविरुद्ध २४–१४ अशा पिछाडीवर त्याला आत पाठवले, सामना ३१–२४ असा फिरला आणि संघ त्या वर्षी राष्ट्रीय विजेता ठरला. टेक्सासमध्ये २००१ साली क्रिस सिम्स आणि मेजर ऍपलव्हाइट यांच्यावरून चाहत्यांत उभी फूट होती. बिग ट्वेल्व्हच्या अंतिम सामन्यात सिम्सच्या चुकांनंतर ऍपलव्हाइट आला, पण कोलोरॅडोकडून ३९–३७ अशी हार झालीच. ओहायो स्टेटने २०१४ मध्ये ब्रॅक्स्टन मिलर आणि जे. टी. बॅरेट हे दोघे जायबंदी झाल्यावर तिसऱ्या कार्डेल जोन्सच्या बळावर विजेतेपद जिंकले. पुढच्या हंगामात तिघेही उपलब्ध असताना मिलर रिसीव्हर झाला, जोन्स व बॅरेट यांच्यात अदलाबदल होत राहिली आणि आक्रमणाला आदल्या वर्षीची धार आली नाही. ओक्लाहोमात सप्टेंबर २०२१ मध्ये घरच्याच मैदानावर विद्यार्थ्यांनी राखीव केलेब विल्यम्सच्या नावाचा घोष केला. दोन आठवड्यांनी टेक्सासविरुद्ध तो आत आला आणि संघाने मोठी पिछाडी भरून ५५–४८ असा विजय मिळवला. चाहते बरोबर ठरले. त्याच हंगामात जॉर्जियाचे चाहते चुकले : शिष्यवृत्तीविना संघात आलेल्या स्टेट्सन बेनेटला अलाबामाकडून झालेल्या पराभवानंतर काढा, ही मागणी जोरात होती, कर्बी स्मार्ट यांनी ती मानली नाही आणि बेनेटने लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली.

अलाबामाचे उदाहरण सर्वाधिक उद्धृत होते. ८ जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला ०–१३ अशी पिछाडी होती. निक सेबन यांनी जेलन हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या टुआ टागोव्हायलोआला पाठवले. त्याने जादा वेळेत ४१ यार्डांचा पास टाकून सामना २६–२३ असा जिंकला. सुरुवात केलेल्या सामन्यांपैकी २६ जिंकून फक्त २ हरलेला खेळाडू त्यानंतर राखीव झाला, आणि डिसेंबरमध्ये टुआ जायबंदी होताच त्यानेच जॉर्जियाविरुद्ध संघाला तारले.

वर्ण आणि पूर्वग्रह : कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना शाळा संपताच रिसीव्हर किंवा बचावपटू बनवण्याची रीत दीर्घकाळ होती. मिनेसोटाचा सँडी स्टीव्हन्स १९६० मध्ये राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक होता. आग्नेयेकडील एसईसी गटात मात्र टेनेसीचा कॉन्ड्रेज हॉलोवे १९७२ मध्ये पहिला ठरला. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वॉरन मूनची घरचेच प्रेक्षक हुर्यो उडवीत. १९७८ च्या रोझ बोलमध्ये तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. ‘धावतो चांगला, पण डोके चालत नाही’ अशा शेऱ्यांमागे हा इतिहास असतो.

अलीकडील बदल : २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही तो हंगाम पात्रतेत न मोजण्याची, म्हणजे रेडशर्ट राखण्याची, मुभा मिळाली. त्याच वर्षी क्लेमसनने चार सामन्यांनंतर केली ब्रायंटऐवजी ट्रेव्हर लॉरेन्सला मुख्य केले. ब्रायंट लगेच संघ सोडून गेला. पुढच्याच सामन्यात सिराक्यूजविरुद्ध लॉरेन्स जायबंदी झाला आणि तिसऱ्या चेस ब्राइसला सामना वाचवावा लागला. राखीव जागेचे मोल त्या दिवशी सर्वांना कळले. ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची खुली नोंद, म्हणजे ट्रान्स्फर पोर्टल, सुरू झाली. २०२१ पासून एकदा, आणि २०२४ पासून शैक्षणिक अटी पाळून कितीही वेळा, मधले वर्ष न गमावता विद्यापीठ बदलता येते. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात आणि २०२५ पासून विद्यापीठही उत्पन्नातला वाटा देऊ शकते. परिणामी हरलेला उमेदवार थांबत नाही. ओहायो स्टेटमध्ये मागे पडलेला जो बरो लुईझियाना स्टेटला गेला आणि २०१९ चा हाइसमन करंडक (वर्षातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा) घेऊन आला. २०२५ पर्यंत वाद पुष्कळदा वसंतातच निर्गमनाने मिटे.

निवड गुप्त ठेवण्यामागे प्रतिस्पर्ध्याला दोघांची तयारी करायला लावणे हा जुना हेतू आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना क्रीडासट्टा कायदेशीर करता येऊ लागल्यापासून मात्र सराव मैदानावरील बातमीला पैशाचे मोल आले. त्यामुळे बिग टेनने २०२३ पासून आणि एसईसीने २०२४ पासून खेळाडूंच्या उपलब्धतेचे अहवाल बंधनकारक केले. दुखापतीमुळे कोण खेळणार नाही हे त्यांत सांगावे लागते. धडधाकट दोघांपैकी कोण सुरुवात करणार, हे अजूनही सांगावे लागत नाही.